माल माणसाच्या नजरेचा की माशाच्या? गढूळ व गवताळ पाण्यासाठी बास माशाचे आमिष

कापड दिव्याखाली पाहून घेऊ नये, दुकानाच्या दारात उजेडात नेऊन पाहावे, हा आमच्या बाजारातला जुना नियम आहे. ट्यूबलाईटखाली जो रंग निळा वाटतो तो उन्हात जांभळट निघतो आणि ताका परत येतो. तरीही कापडवाल्याला एक मोठी सोय आहे. जो पैसे मोजतो त्याच्याच डोळ्यांनी माल पारखला जातो. आज ज्या मालाची ओळख आम्ही वाचकांना करून देणार आहोत त्यात ही सोयच नाही. हा माल विकत घेतो माणूस आणि पास-नापास करतो मासा. तोही दुकानात नव्हे, तर चहासारख्या पाण्यात आणि गवताच्या जाळीत.

हा माल म्हणजे अमेरिकेत बास मासा धरण्यासाठी गळाला लावतात ते कृत्रिम आमिष. तिकडे त्याला ल्यूर म्हणतात. लाकूड, प्लॅस्टिक, रबर, शिसे, पत्रा यांपासून ते बनवतात. कुणी मासोळीसारखे, कुणी गांडुळासारखे, कुणी बेडकासारखे. तिकडे शौक म्हणून गळ टाकणारे कोट्यवधी लोक आहेत आणि लार्जमाऊथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, हा त्यांचा फार लाडका मासा. या सामानावर कारखानदाराकडून साधारणतः १० टक्के केंद्रीय अबकारी कर घेतला जातो आणि १९५० च्या एका कायद्यान्वये तो पैसा मासे व तळी यांच्या जोपासनेसाठी राज्यांना वाटला जातो. यावरून हा बाजार केवढा असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. आपल्याकडेही मरळ धरण्यासाठी असली आमिषे शहरांतील दुकानांत येऊ लागली आहेत, त्याविषयी पुढे लिहूच.

अशा दुकानात भिंतभर पाकिटे टांगलेली असतात. शेकडो रंग, शेकडो आकार. नवखा गिऱ्हाईक जे चमकते ते उचलतो. तळ्यावर जाऊन पहिल्या पाच फेकींतच ते गवतात अडकून तुटते. पैसे गेले, मासा नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. दुकानदाराचा खरा तोटा इथे आहे. म्हणून माल कसा निवडावा हे विकणाऱ्याने आधी शिकले पाहिजे.

प्रथम माशाचा स्वभाव पाहू. बास हा पाठलाग करून दमवणारा शिकारी नव्हे. तो दबा धरून बसतो. पाणगवताची कड, कमळाच्या पानांखालची सावली, बुडालेले लाकूड, अशा ठिकाणी तो स्थिर राहतो आणि जवळून जाणाऱ्या मासोळीवर, झिंग्यासारख्या क्रेफिशवर किंवा बेडकावर एकदम झडप घालतो. तोंड इतके मोठे की भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो. म्हणजे गवत ही बासवाल्याची अडचण आहे खरी, पण मासाही तिथेच आहे. गवत टाळून मोकळ्या पाण्यात गळ टाकणे म्हणजे बाजार सोडून माळरानावर दुकान मांडणे.

फ्लोरिडातील ओकिचोबी तलावाचे उदाहरण घ्या. सुमारे ७३० चौरस मैलांचा हा तलाव सरासरी जेमतेम ९ फूट खोल आहे. वारा सुटला की तळाचा गाळ वर येतो आणि पाणी गढूळ होते. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी तर हा गाळ इतका ढवळला की पाण्याखालचे गवत मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, कारण गवतालाही उजेड लागतो. काठाने मात्र बुलरश, पाणगवत, कमळाची पाने यांचा मोठा पट्टा आहे. फ्लोरिडात हायड्रिला नावाचे पाणगवत १९६० मध्ये प्रथम आढळले. ते मूळचे जुन्या जगातले, आपल्या आशियातलेही. मत्स्यालयाच्या व्यापारातून ते तिकडे गेले आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तलावच्या तलाव भरून टाकले. उलट आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली! व्यापारात माल जातो तसा उपद्रवही जातो.

आता अशा पाण्यात मासा भक्ष्य ओळखतो कसा? डोळ्यांनी ओळखतोच, पण गढूळ पाण्यात नजर वीतभर-हातभरच पोहोचते. तेव्हा दोन गोष्टी कामी येतात. एक, आतला कान. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवरून ऐकू येतो. दुसरी, माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत असलेली बारीक छिद्रांची रेघ. पाण्याची किंचित हालचालही या रेघेला कळते. तिचा पल्ला थोडा असतो, मासा स्वतः जेवढा लांब त्याच्या एक-दोन पट. पण दबा धरून बसलेल्याला तेवढे पुरते. म्हणजे हुकूम असा : गढूळ पाण्यात आमिष आधी जाणवते, मग दिसते.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. पहिला प्रश्न, हे आमिष त्या गवतातून सुखरूप बाहेर येईल काय? दुसरा, माशाला ते जाणवेल काय? तिसरा आणि शेवटचा, रंग कोणता? दुकानात बरोबर उलटे घडते. गिऱ्हाईक रंगापासून सुरुवात करतो आणि गवताचा विचार तळ्यावर पोहोचल्यावर करतो.

पाणी किती गढूळ आहे हेही डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. आजही तलावांचे अभ्यासक सेकीची तबकडी वापरतात. आपल्याला पांढरे आमिषच दोरीला बांधून सोडता येते. चार-पाच फुटांपर्यंत दिसले तर पाणी गढूळ म्हणण्यात अर्थ नाही. दोन फुटांवर नाहीसे झाले तर मळकट. फुटाच्या आतच गेले तर खरे गढूळ, आणि तिथे मोठे, फुगीर, पाणी हलवणारे आमिष हवे. गिऱ्हाईकाने 'पाणी खराब आहे' एवढेच सांगितले तर माल काढू नये. 'किती फुटांवर दिसेनासे होते?' हे विचारावे.

आता गवताचा प्रकार. हे ओळखण्यात जो वेळ घालवील त्याचे पुढचे काम हलके होईल.

गवताची गोधडी पाण्याच्या वर पसरली असेल, वर चालता येईल असे वाटण्याइतकी दाट असेल, तर तिथे दोनच मार्ग. एक तर आमिष गोधडीवरून न्यायचे, नाहीतर गोधडी फोडून खाली पाठवायचे. वरून नेण्यासाठी पोकळ बेडूक आहे. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे हॅरी एलर्स यांनी १९५७ मध्ये स्नॅग प्रूफ नावाने मऊ पोकळ बेडकाचा धंदा सुरू केला. नावाचा अर्थच 'न अडकणारा'. यात दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून गवतात टोचत नाहीत. माशाने जबड्यात दाबले की मऊ अंग चेपते आणि गळ उघडे पडतात. रचना साधी आहे, पण हुन्नर मोठा. गढूळ पाण्यासाठी आत खुळखुळणारे मणी असलेला बेडूक घ्यावा.

हा बेडूक विकताना दोन गोष्टी गिऱ्हाईकाला सांगाव्यात. पहिली, पाणी उसळले की लगेच काठी ओढू नये. मासा गवताआडून हालचालीच्या अंदाजाने झडप घालतो आणि बऱ्याचदा चुकतो. दोरीवर त्याचे वजन जाणवले की मगच जोर लावावा. हे न सांगितल्यास गिऱ्हाईक 'माल खोटा आहे' म्हणून परत येतो आणि माल तर खरा असतो. दुसरी गोष्ट रंगाची. बेडकाच्या पाठीवर हिरवे ठिपके, पिवळ्या रेघा, डोळे, काय काय रंगवलेले असते. मासा पाहतो खालून. त्याला पोट तेवढे दिसते. ती पाठीवरची कारागिरी सारी गिऱ्हाईकासाठी आहे! पोट काळे असेल तर आकाशाच्या उजेडापुढे त्याची काळी आकृती ठळक दिसते. आम्हास विचाराल तर गढूळ पाण्यासाठी काळ्या पोटाचा बेडूक आधी भरावा, ठिपक्यांकडे नंतर पाहावे.

गोधडी फोडून खाली जायचे असेल तर वजन लागते. १ ते २ औंस, म्हणजे साधारण २८ ते ५७ ग्रॅमची गोळी आणि मागे लहानसे, गुळगुळीत, फारशा पायांचे नसलेले मऊ आमिष. इथे गोळी शिशाची की टंग्स्टनची हा हिशेब येतो. शिशाची घनता ११.३, टंग्स्टनची १९.३. तेवढ्याच वजनाची टंग्स्टनची गोळी आकाराने बरीच लहान, म्हणून गवतातून सरळ आत जाते. किंमत कैक पटींनी अधिक. शिवाय न्यू हॅम्पशायरसारख्या काही राज्यांत लहान शिशाची वजने कायद्याने बंद आहेत, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळून मरतात. तिकडे दुकान घालणाऱ्याने राज्याचा कायदा पाहूनच शिसे भरावे.

कमळाची पाने किंवा विरळ उभे गवत असेल तर टेक्सास रिग. या पद्धतीत प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या अंगातच गळाचे टोक लपवून ठेवतात आणि पुढे बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार वजन लावतात. टोक उघडे नाही, तर अडकणार कुठे? माशाने चावले आणि काठी ओढली की टोक प्लॅस्टिक फोडून जबड्यात जाते. हे मऊ गांडूळ निक क्रीम या गृहस्थांनी पत्नीसह १९४९ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे घरीच साच्यात ओतून बनवले, आणि पुढे धंदा टेक्सासमधील टायलर गावी नेला. उणीव एवढीच की सरळ शेपटीचे गांडूळ पाणी फारसे हलवीत नाही. गढूळ पाण्यात वळलेल्या किंवा वल्ह्यासारख्या रुंद शेपटीचे घ्यावे.

गवत पाण्याखाली आहे आणि त्याच्या माथ्यावर फूट-दोन फूट मोकळे पाणी आहे, अशी स्थिती सर्वांत चांगली. इथे स्पिनरबेट चालते. सेफ्टी पिन उघडल्यावर दिसते तशी वाकवलेली तार. खालच्या टोकाला शिशाचे डोके, एकच गळ आणि झालर. वरच्या टोकाला फिरणारे पाते. तार पुढे असल्याने गवत बाजूला सरते. पात्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. कोलोराडो हे गोलसर, चमच्यासारखे, पाण्याला जोराचे धक्के देणारे. विलो हे लांबट पानासारखे, चकाकणारे, धक्का कमी. गढूळ पाण्याला कोलोराडो योग्य, हे पुस्तकी उत्तर. पण गोल पात्याला गवत लवकर लागते आणि गवत लागलेले पाते फिरत नाही. मग गढूळही आहे आणि गवतही दाट आहे तेव्हा काय? आमचे मत असे की, न फिरणाऱ्या चांगल्या पात्यापेक्षा फिरणारे साधारण पाते बरे. विरळ गवतात कोलोराडो वापरावे. दाट गवतात विलो लावावे, नाहीतर स्पिनरबेटचा हट्ट सोडून टेक्सास रिगकडे जावे.

याच जागेसाठी नव्या शतकात चॅटरबेट आले. जिगच्या तोंडापुढे षटकोनी पत्रा लावलेला, ओढताच थरथरतो आणि काठीच्या मुठीपर्यंत थरथर येते. थरथर थांबली की पत्र्याला गवत लागले असे समजावे. गढूळ पाण्यात हा माल फार उपयोगी ठरला आहे.

तीन टोकांचे गळ लटकणारी लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकची मासोळी ही दुकानात सर्वांत देखणी दिसते आणि दाट गवतात सर्वांत आधी अडकते. याला एक अपवाद आहे. पोटात मणी भरलेले, बिनओठाचे, चपटे आमिष गवताच्या शेंड्यांना मुद्दाम घासून न्यायचे आणि अडकले की झटक्याने सोडवायचे. त्या झटक्यालाच मासा झडप घालतो. लुइझियानातील बिल लुइस यांचे रॅट-एल-ट्रॅप या जातीत प्रसिद्ध. पण हे सरावाच्या हाताचे काम आहे, नवख्याला विकू नये.

आता रंग. हा आमचा आवडीचा विषय, म्हणून थोडे सविस्तर. १९३७ मध्ये इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राऊन या शास्त्रज्ञाने बास माशांना रंग ओळखायला शिकवून पाहिले. लाल रंग ते चांगला ओळखत. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी हे काम नव्या साधनांनी पुन्हा केले. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला व एक लालला जागणारी. माणसात तीन असतात. लाल आणि हिरवा मासे बिनचूक निवडत. पण चार्ट्रूस, म्हणजे झगझगीत पोपटी-पिवळा, आणि पांढरा यांत त्यांचा घोटाळा होई. निळा आणि काळा यांतही तसेच. आता दुकानाची भिंत आठवा. त्यावर चार्ट्रूस वेगळा, पांढरा वेगळा, दोन्ही मिळून तिसरा. काळा वेगळा, निळा वेगळा, काळा-निळा वेगळा. सहा पाकिटे टांगली, माशाच्या हिशेबी माल दोनच प्रकारचा!

यात पाण्याचा स्वतःचा रंगही धरावा लागतो. कुजलेल्या पानांनी चहासारखे झालेले पाणी निळा उजेड आधीच खाऊन टाकते; पिवळा-तांबूस उजेड तेवढा खाली पोहोचतो. मातीने गढूळ झालेले पाणी उजेड विखुरते आणि चार बोटांपलीकडे सारे धूसर करते. अशा ठिकाणी छटा पाहू नये, उठाव पाहावा. आभाळ भरलेले, पहाट, संध्याकाळ किंवा गवताखालची सावली, तिथे काळा. ऊन असून पाणी मातकट असेल तर चार्ट्रूस किंवा पांढरा. मधल्या फिक्या, पारदर्शक, 'अस्सल मासोळीसारख्या' छटा स्वच्छ पाण्यासाठी चांगल्या, गढूळ पाण्यात मासा त्या पाहणार कधी?

झालरीबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हास राहवत नाही. जिगच्या किंवा स्पिनरबेटच्या गळाभोवती बारीक तंतूंचा गोंडा असतो, तो पाण्यात फुलतो-मिटतो आणि आमिषाला भरीवपणा देतो. पूर्वी हे काम हरणाच्या शेपटीचे केस करीत. मग अ‍ॅक्रनमध्येच फ्रेड आर्बोगास्ट यांनी रबराच्या झालरी बाजारात आणल्या. अ‍ॅक्रन हे टायरचे शहर आणि आर्बोगास्ट स्वतः टायरच्या कारखान्यात काम केलेले. तेव्हा ज्याच्या हाताशी जो माल, त्याला त्यातूनच धंदा सुचतो. आज बहुतेक झालरी सिलिकॉनच्या असतात. रबर पाण्यात जास्त फुलते पण उन्हात व साठवणीत चिकट होते. सिलिकॉन टिकते आणि त्यावर रंग व छपाई चांगली बसते. गढूळ पाण्यासाठी दाट झालर घ्यावी. दाट गवतासाठी तीच कात्रीने थोडी कापून द्यावी, म्हणजे गवतातून सहज निसटते. हे दुकानदाराने काउंटरवरच करून दिले तर दोन मिनिटांचे काम आहे आणि गिऱ्हाईक विसरत नाही.

दोरीचे थोडक्यात. गवतात साधा नायलॉनचा एकतंतू ताणला जातो आणि घासून तुटतो. पॉलिएथिलीनच्या मजबूत धाग्यांची विणलेली दोरी, ५० ते ६५ पौंड ताकदीची घ्यावी. गोळीरोधक जाकिटात जातो त्याच जातीचा हा धागा. ती ताणत नाही आणि गवत कापते. दोरी जाड दिसेल अशी शंका गिऱ्हाईक घेतो. गढूळ पाण्यात मासा दोरीची चौकशी करीत बसत नाही.

आमिष ओढण्याचा वेगही मालाइतकाच महत्त्वाचा. गढूळ पाण्यात माशाला नेम धरायला वेळ लागतो, म्हणून सावकाश आणि एकसारखे ओढावे आणि एकाच जागी पुनःपुन्हा टाकावे.

आपल्याकडची मरळ ही बासची नातलग नव्हे, पण राहणी मिळतीजुळती. गवताखाली, उथळ, गढूळ पाण्यात दबा धरते आणि बेडकावर तुटून पडते. म्हणून पोकळ बेडूक इथेही चालतो. मात्र महाराष्ट्रातील पुष्कळ तलाव मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नये आणि दुकानदारानेही हे गिऱ्हाईकाला सांगावे.

नव्याने हा माल भरणाऱ्याने गढूळ, गवताळ पाण्यासाठी एवढ्यावर सुरुवात करावी : काळ्या पोटाचे व पांढऱ्या पोटाचे बेडूक, काळी रुंद शेपटीची गांडुळे, चार्ट्रूस-पांढरी स्पिनरबेट दोन्ही पात्यांची, काळे चॅटरबेट, आणि वजने. मऊ प्लॅस्टिकचा माल ज्याच्या-त्याच्या पाकिटातच ठेवावा. कडक प्लॅस्टिकच्या काही डब्यांना आणि रंगवलेल्या मासोळ्यांना तो चिकटून वितळतो. काळी आणि पांढरी गांडुळे एकत्र ठेवली तर महिनाभरात पांढऱ्यावर काळ्याचा रंग उतरतो, कच्च्या रंगाच्या कापडासारखाच, आणि तो डाग कशानेही निघत नाही.